भूतयोनींचे प्रकार (मराठी लोकपरंपरा आणि कल्पित साहित्य)

भूतयोनी म्हणजे मृत्यूनंतर गती न मिळालेल्या जीवाला प्राप्त होते असे मानली जाणारी अवस्था होय. मराठी लोकपरंपरेत, विशेषतः कोकणात, या योनीचे अनेक प्रकार स्वतंत्र नावांनी ओळखले जातात. मुंजा, समंध, ब्रह्मराक्षस, खवीस, झोटिंग, गिऱ्हा, हडळ, अलवंतीण, जखीण, लावसट, देवचार, चेडा, वीर आणि या सर्वांचा अधिपती मानला जाणारा वेताळ ही त्यांतील प्रमुख नावे होत. भूतयोनीचे अस्तित्व हा श्रद्धेचा विषय असून त्याला वैज्ञानिक आधार नाही. मात्र लोकसाहित्य, समाजेतिहास आणि भय-अद्भुत कथा यांच्या अभ्यासात या वर्गीकरणाला महत्त्व आहे. या वर्गीकरणाचे वैशिष्ट्य असे की, त्यात भुताचा प्रकार त्याच्या रूपावरून किंवा सामर्थ्यावरून ठरत नाही. मृत व्यक्तीचे वय, तिचा विवाह, जात, झालेले वा राहून गेलेले संस्कार आणि मृत्यूची रीत यांवरून तो ठरतो. कल्पित साहित्यासाठी नवी भूतयोनी रचणाऱ्या लेखकांना ही परंपरा तयार नावांबरोबरच रचनेचे एक तत्त्वही पुरवते.

## संज्ञा आणि व्युत्पत्ती

'भूत' हा शब्द संस्कृतातील 'भू' या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ 'झालेले, होऊन गेलेले' असा आहे. भूतकाळ आणि भूत ही दोन्ही पदे एकाच शब्दाची रूपे आहेत. 'प्रेत' म्हणजे 'पुढे गेलेला'. अंत्यविधीच्या शास्त्रात पितरांत समावेश होण्यापूर्वीच्या मृताला प्रेत म्हणतात. व्यवहारातील मराठीत मात्र हा शब्द मृतदेह या अर्थी रूढ झाला. 'पिशाच' या शब्दाचा संबंध परंपरेने मांसभक्षणाशी जोडला जातो.

वेगवेगळ्या प्रकारांची नावे निरनिराळ्या वाटांनी मराठीत आली आहेत. 'मुंजा' हे नाव मुंज या संस्कारावरून पडले. 'जखीण' हे 'यक्षिणी'चे, तर 'डाकीण' हे 'डाकिनी'चे तद्भव रूप आहे. 'समंध' हा 'संबंध' या शब्दाचा अपभ्रंश मानला जातो. 'खवीस' हा शब्द अरबी 'खबीस' (दुष्ट, अमंगळ) या शब्दावरून आला. पाण्याच्या ठिकाणी वास करणाऱ्या 'आसरा' हे 'अप्सरा' या शब्दाचे लोकरूप आहे.

## वर्गीकरणाचे तत्त्व

जीवनातील एखादा टप्पा अपुरा राहिला किंवा मृत्यूनंतरचा विधी झाला नाही, तर जीव अडकून पडतो, ही या वर्गीकरणामागील मूळ कल्पना आहे. हीच कल्पना भूतकथांबाहेर, रोजच्या धर्माचारातही दिसते. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही, तर मृताची काही इच्छा राहिली असावी असे समजून नातेवाईक ती पूर्ण करण्याचे वचन मोठ्याने उच्चारतात. मुलांचा सांभाळ, बहिणीचे लग्न, जमिनीची वाटणी, फेडायचे राहिलेले कर्ज असे विषय या वचनांत येतात.

भाद्रपद वद्य पक्षातील श्राद्धविधीतही मृतांचे असे वर्गीकरण आढळते. पतीच्या हयातीत निवर्तलेल्या स्त्रीसाठी अविधवा नवमी, संन्याशांसाठी द्वादशी, शस्त्राने किंवा अपघाताने मृत्यू आलेल्यांसाठी चतुर्दशी आणि तिथी माहीत नसलेल्यांसह सर्वांसाठी सर्वपित्री अमावास्या राखून ठेवलेली असते. अपमृत्यू आलेल्यांसाठी त्र्यंबकेश्वर येथे नारायण नागबळी हा विधी केला जातो. ज्या मृताची सोय या व्यवस्थेत लागत नाही, त्याच्यासाठी लोककथेने भूतयोनी निर्माण केली, असे म्हणता येते. पंचांगातील तिथी आणि भुताचे नाव ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. तो प्रश्न असा: अकाली किंवा अपुरे जीवन जगून गेलेल्या माणसाचे जिवंतांनी काय करावे?

## प्रमुख प्रकार

एकाच नावाचा अर्थ प्रदेशानुसार आणि जातीनुसार बदलतो. खालील वर्णने प्रामुख्याने कोकणातील नोंदींना अनुसरून दिली आहेत.

### पुरुष भूतयोनी

- मुंजा: मुंज झाल्यानंतर आणि सोडमुंज होण्यापूर्वी मृत्यू आलेला ब्राह्मण मुलगा. त्याचा वास पिंपळावर किंवा विहिरीजवळ मानला जातो. तो खोडकर, हट्टी असतो. क्वचितच जीवघेणा ठरतो.
- समंध: निपुत्रिक मरण पावलेला किंवा धनाची आसक्ती न सुटलेला पुरुष. तो पुरलेल्या द्रव्यावर किंवा पडक्या वाड्यात पहारा देतो.
- ब्रह्मराक्षस किंवा ब्रह्मग्रह: वेदविद्येत पारंगत असूनही विद्येचा गर्व न सोडलेला ब्राह्मण. अत्यंत बलवान आणि मांत्रिकालाही सहसा न जुमानणारा.
- झोटिंग: खारवी किंवा कोळी समाजातील मृत पुरुष. 'झोटिंग' हा शब्द पुढे दांडगट, बेबंद माणसाच्या अर्थाने भाषेत स्थिरावला. 'झोटिंगशाही' हे त्याचेच रूप.
- खवीस: मुस्लिम अथवा अन्य धर्मीय मृत पुरुष. शब्द अरबी असला तरी या अर्थाने तो हिंदू कथनात वापरला जातो.
- चेडा: अविवाहित मरण पावलेला शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील तरुण. उत्तर कोकणात शेताच्या बांधाशी आणि शिवेशी त्याचा संबंध जोडतात.
- वीर: लढाईत पडलेला किंवा अविवाहित मरण पावलेला क्षत्रिय. अनेक कुटुंबांत वीराचा टाक देव्हाऱ्यात पुजला जातो. नाशिक येथे धुळवडीच्या दिवशी वीरांची मिरवणूक निघते.

### स्त्री भूतयोनी

- अलवंतीण: बाळंतपणात मृत्यू आलेली स्त्री.
- हडळ किंवा हेडळी: बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत अथवा विटाळशी असताना मृत्यू आलेली स्त्री. ती समोरून सुंदर आणि पाठीमागून केवळ हाडांचा सापळा असते, असे वर्णन आढळते. बऱ्याच ठिकाणी हडळ आणि अलवंतीण यांत भेद केला जात नाही.
- जखीण: पती हयात असताना मृत्यू आलेली स्त्री. सवतीला किंवा घरातील मुलांना ती त्रास देते असे मानतात.
- लावसट: विधवा स्थितीत मृत्यू आलेली स्त्री.
- हाकामारी: रात्री दारात येऊन नावाने हाक मारणारी. पहिल्या हाकेला ओ देणारा दगावतो, म्हणून रात्रीच्या एकट्या हाकेला उत्तर देऊ नये असा संकेत आहे.

### पाणी, वाट आणि धन यांच्याशी निगडित योनी

- गिऱ्हा: बुडून किंवा खून होऊन मृत्यू आलेला. रात्री पाण्याजवळून जाणाऱ्याला तो फसवतो. त्याचा केस हाती लागल्यास तो चाकरासारखा राबतो. केस परत मिळताच मात्र सूड उगवतो, अशी कथा आहे.
- चकवा: रात्री वाटसरूला भूल घालून एकाच जागेभोवती फिरवत ठेवणारी शक्ती. बऱ्याच ठिकाणी तिला मृत व्यक्तीचे रूप नसते.
- आसरा: विहिरी, डोह आणि तळ्यांत वास करणाऱ्या जलदेवता. 'साती आसरा' अशी त्यांची संख्या सात सांगतात. काही ठिकाणी त्यांना बुडून मेलेल्या स्त्रियांचे रूप मानले जाते.
- बायंगी: दक्षिण कोकणातील समजुतीनुसार विकत आणून घरात ठेवायचे, धन मिळवून देणारे भूत. ठरलेल्या अटी मोडल्यास ते घरावरच उलटते.

### रक्षक आणि देवत्व पावलेल्या योनी

देवचार हा सिंधुदुर्ग आणि गोवा या भागांत गावाच्या सीमेचा राखणदार मानला जातो. तो रात्री हातात काठी घेऊन शीव फिरतो, अशी समजूत आहे. वेताळ हा सर्व भूतगणांचा राजा. अमावास्येच्या रात्री मशाली घेतलेल्या परिवारासह त्याची स्वारी निघते असे सांगतात. वेंगुर्ला तालुक्यातील आरवली येथे त्याचे 'वेतोबा' या नावाने प्रसिद्ध मंदिर आहे. तेथे भक्त केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठ्या चपला अर्पण करतात. रात्री गावाची राखण करताना देवाच्या चपला झिजतात, ही त्यामागील श्रद्धा आहे. गोव्यातील आमोणे आणि लोलये येथेही बेताळाची पूजा होते. भय वाटणारी योनी आणि ग्रामदैवत यांच्यातील सीमारेषा या परंपरेत अशी पुसट असते.

## समान नियम

प्रकार वेगळे असले तरी काही नियम बहुतेक भूतयोनींना लागू होतात. भुताचे पाय उलटे असतात, त्याला सावली नसते, ते नाकात बोलते. त्याचे ठिकाण ठरलेले असते: पिंपळ, चिंच, पडकी विहीर, तिठा, स्मशान. शीव ओलांडणे त्याला सहसा जमत नाही. दुपारी बारा आणि मध्यरात्र या त्याच्या वेळा मानल्या जातात. दहीभात, नारळ, कोंबडे यांचा उतारा देऊन ते शांत होते; लोखंड, अंगारा आणि देवाचे नाव यांना ते भिते.

प्रत्येक सामर्थ्याला जोडून एक मर्यादा येते, हे या नियमांतील लक्षणीय वैशिष्ट्य आहे. गिऱ्हा फसवतो, परंतु केसावाचून तो हतबल असतो. हाकामारी प्राण घेते, परंतु उत्तर मिळाले तरच. हडळ परत येऊ नये म्हणून अंत्ययात्रेच्या वाटेवर धान्य टाकत जाण्याची आणि दारात खिळा ठोकण्याची प्रथा काही भागांत नोंदली गेली आहे. दाणे वेचता वेचता पहाट होते आणि ती घरापर्यंत पोहोचत नाही, अशी त्यामागील कल्पना आहे. युरोपातील रक्तपिपासू मृतांविषयीही दाणे मोजत बसण्याची अशीच समजूत आढळते.

## संकलनाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकातील शब्दकोशांत या नावांची नोंद झाली. जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) भूतयोनींच्या अनेक नावांचे अर्थ दिले आहेत.

पद्धतशीर संकलनाचे श्रेय मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी ए. एम. टी. जॅक्सन आणि आर. ई. एन्थोव्हन यांच्याकडे जाते. जॅक्सन यांनी लोकसमजुतींविषयी प्रश्नावली तयार करून माहिती मागवली होती. नाशिकचे जिल्हाधिकारी असताना २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी त्यांची हत्या केली. त्यांच्या मागे राहिलेल्या सामग्रीवरून एन्थोव्हन यांनी गुजरात (१९१४) आणि कोकण (१९१५) यांवरील लोकसाहित्यविषयक टिपणांचे दोन खंड सिद्ध केले. पुढे १९२४ साली त्यांचा 'द फोकलोर ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या टिपणांतील माहिती मोठ्या प्रमाणावर गावोगावच्या प्राथमिक शाळांतील शिक्षकांनी पुरवली होती. कोकणच्या खंडासाठी ठाणे, कुलाबा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांतून उत्तरे आली. आजचा भिवंडी तालुका त्या वेळीही ठाणे जिल्ह्यातच होता. या खंडात माहिती देणाऱ्याची ओळख पुष्कळदा केवळ 'अमुक गावचे शाळामास्तर' एवढीच दिलेली असल्यामुळे त्यांतील अनेकांची नावे काळाच्या ओघात हरवली. मृतांच्या प्रकारांची काटेकोर नोंद करणारे हे लेखक स्वतः मात्र निनावी राहिले. संकलनाची एक मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. शिक्षक बहुधा साक्षर जातींतून आलेले असल्याने वारली, कातकरी, ठाकूर आदी समाजांच्या कल्पना या नोंदींत त्यांच्या स्वतःच्या शब्दांत क्वचितच येतात.

स्वातंत्र्योत्तर काळात दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर आणि रा. चिं. ढेरे यांच्या लेखनामुळे लोकसाहित्य आणि लोकदैवतांच्या अभ्यासाला मराठीत भक्कम पाया मिळाला.

## इतर परंपरांशी तुलना

बाळंतपणात मृत्यू आलेल्या स्त्रीचे भूत ही कल्पना व्यापक आहे. उत्तर भारतातील चुडैल आणि मलेशिया-इंडोनेशियातील पोंतियानाक ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. प्रसूतीतील मृत्यू जेथे नेहमीचे होते, तेथे ही योनी आढळते.

पाश्चात्त्य अद्भुत साहित्यात मात्र वर्गीकरण निराळ्या दिशेने गेले. ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) या कादंबरीने रक्तपिपासू मृताचे रूप आणि त्याचे नियम लोकप्रिय केले. झोंबी ही कल्पना हैती बेटावरील आहे. तेथे ती दुसऱ्याच्या इच्छेने राबणाऱ्या इच्छाशून्य देहाची, म्हणजे गुलामगिरी मृत्यूनंतरही न संपण्याच्या भयाची कथा होती. जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) या चित्रपटानंतर तिला माणसे खाणाऱ्या निनावी झुंडीचे स्वरूप आले. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात सापळा, झोंबी, रक्तपिपासू अशा मृतयोनींची मांडणी सामर्थ्याच्या चढत्या क्रमाने केली गेली. पुढील अनेक कादंबऱ्या आणि संगणकीय खेळांनी हीच उतरंड स्वीकारली.

दोन्ही पद्धतींतील भेद स्पष्ट आहे. खेळातील वर्गीकरण 'हा किती बलवान आहे?' असे विचारते. मराठी लोकपरंपरेतील वर्गीकरण 'हा कोण होता आणि त्याचे काय राहून गेले?' असे विचारते. पहिल्या पद्धतीत भुताचा नाश करणे हा शेवट ठरतो, तर दुसऱ्या पद्धतीत त्याचे राहिलेले पूर्ण करणे हा.

## मराठी साहित्यात

वेताळाची साहित्यिक परंपरा सर्वांत जुनी आहे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागर' या ग्रंथात प्रेतात शिरलेल्या वेताळाने राजाला सांगितलेल्या पंचवीस कथा येतात. 'वेताळपंचविशी' या नावाने त्या मराठीत रूढ झाल्या. 'चांदोबा' मासिकाने विक्रम-वेताळाची मालिका अनेक दशके चालवली आणि मूळच्या कथा संपल्यावर त्याच चौकटीत नव्या कथा रचून घेतल्या. हा वेताळ राजाला इजा करत नाही, प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून मौन पाळल्यास डोक्याची शकले होतील आणि बोलल्यास प्रेत पुन्हा झाडावर जाईल, हा त्याचा नियमच कथा पुढे नेतो.

आधुनिक मराठी भयकथेत नारायण धारप (१९२५–२००८) यांचे स्थान अग्रगण्य आहे. पाश्चात्त्य भयसाहित्यातील कल्पना त्यांनी मराठी घर, वाडा आणि कुटुंब यांच्या चौकटीत आणल्या. अतींद्रिय शक्तींशी झुंजणाऱ्या 'समर्थ' या व्यक्तिरेखेच्या कथा विशेष लोकप्रिय झाल्या. त्यांच्या 'लुचाई' या कादंबरीत रक्तपिपासू मृताची युरोपीय कल्पना मराठी गावात अवतरते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी 'गूढकथा' हा प्रकार रुजवला. त्यांच्या कथांत भय बहुधा बाहेरून येत नाही, माणसाच्या मनातून आणि नात्यांतून उगवते. अलीकडच्या काळात हृषीकेश गुप्ते यांनी 'घनगर्द', 'हाकामारी' आदी पुस्तकांतून लोकसमजुतींचा आधार घेत भयकथा लिहिली.

## चित्रपट आणि दूरचित्रवाणी

'रात्रीस खेळ चाले' (२०१६) या मालिकेने कोकणातील भूतसमजुती आणि मालवणी बोली घराघरांत पोहोचवली. 'तुंबाड' (२०१८) या राही अनिल बर्वे दिग्दर्शित हिंदी चित्रपटाला नारायण धारप यांच्या 'आजी' या कथेची प्रेरणा होती. त्यातील 'हस्तर' ही परंपरेत नसलेली, संपूर्ण कल्पित शक्ती आहे. तरीही ती अस्सल वाटते. हस्तरचा हव्यास सोन्याचा आणि अन्नाचा आहे. त्याला पिठाने भुलवता येते. पिठाच्या वर्तुळात त्याला शिरता येत नाही. आणि त्याचा स्पर्श झालेल्याला मरण येत नाही, देह झिजत राहतो. ही रचना धनावर बसलेल्या समंधाच्या लोककथेशी मिळतीजुळती आहे.

'झोंबिवली' (२०२२) हा आदित्य सरपोतदार दिग्दर्शित मराठी चित्रपट डोंबिवलीत घडतो. भिवंडी तालुक्यापासून उल्हास नदीच्या पलीकडच्या तीरावर असलेल्या या शहरात झोंबींचा उद्रेक होतो. पाण्याचा प्रश्न आणि टोलेजंग इमारती व वस्ती यांतील दरी ही चित्रपटाची पार्श्वभूमी आहे. परदेशी योनी घेऊन तिला स्थानिक कारण देण्याचे हे उदाहरण होय. त्याच दिग्दर्शकाच्या 'मुंज्या' (२०२४) या हिंदी चित्रपटाने उलट मार्ग स्वीकारला: त्याने देशी योनी घेतली आणि तिला संगणकीय चित्रणाने नवे रूप दिले. लग्नाची इच्छा अपुरी राहिलेल्या मुलाचा हट्ट हा त्याचा गाभा परंपरेतूनच येतो.

## नवीन भूतयोनीची रचना

वरील उदाहरणांवरून कल्पित भूतयोनी रचण्याचे पाच घटक सांगता येतात.

- कारण: कोणता टप्पा, संस्कार, देणे किंवा न्याय राहून गेला?
- स्थान: ती कोठे वावरते? त्या जागेचा राहून गेलेल्या गोष्टीशी संबंध असावा.
- खूण: जिवंतांना ती कशी ओळखू येते?
- मर्यादा: तिला काय करता येत नाही?
- सुटका: काय केले असता ती शांत होते?

यांतील पहिला आणि शेवटचा घटक परस्परांशी जुळले तर उरलेले तीन सहज सुचतात. ते न जुळल्यास योनी केवळ विचित्र रूपाची राक्षसी बनते आणि तिचे नाव बदलले तरी कथेत काही फरक पडत नाही.

स्पष्टीकरणासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर असून तेथे उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेले कामगार पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले आहेत. घरापासून दूर मरण पावलेला आणि ज्याच्या गावी निरोप कधी पोहोचलाच नाही असा कामगार, ही परंपरेत नाव नसलेली अवस्था आहे. या योनीचे कारण न पोहोचलेला निरोप हे ठरते. स्थान: तो ज्या मागावर काम करत असे तो माग. खूण: वीज गेलेली असताना अंधारात एकाच मागाचा धोटा चालू असल्याचा आवाज. मर्यादा: हजेरीवहीत त्याचे नाव चुकीचे लिहिलेले असल्याने त्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही, फक्त गावाचे नाव आठवते. सुटका: त्याचे खरे नाव शोधून कोणीतरी त्याच्या घरी जाऊन सांगणे. या योनीला विक्राळ रूपाची किंवा अचाट सामर्थ्याची गरज पडत नाही. तिची कथा भुताला हाकलून देण्याची नसून त्या माणसाचे घर शोधण्याची होते.

## सामाजिक आशय आणि टीका

भूतयोनींची यादी ही समाजाने ज्यांना न्याय दिला नाही अशांची यादीही आहे. स्त्री योनींची नावे पाहिल्यास प्रसूतीतील मृत्यू, सवत आणि वैधव्य हीच कारणे पुन्हा पुन्हा दिसतात. जिवंतपणी जिला बोलता आले नाही, ती मेल्यावर घराला जाब विचारते. परंतु त्याच कथेत ती अमंगळ आणि भयंकर ठरते. दोष तिच्या मरणाला कारण झालेल्या परिस्थितीकडे न जाता तिच्याकडेच येतो.

जात आणि धर्म यांवर आधारलेले भेदही या वर्गीकरणात आहेत. ब्राह्मणाचे भूत विद्वान, कोळ्याचे दांडगे आणि परधर्मीयाचे दुष्ट, ही विभागणी जिवंत समाजातील पूर्वग्रहांचे प्रतिबिंब आहे. ज्या गावांत आणि शहरांत हिंदू व मुस्लिम वस्ती शतकानुशतके शेजारी आहे, तेथे 'खवीस' या नावातून शेजाऱ्याविषयीचे भयच व्यक्त होते. आजच्या लेखकाने मृत्यूचे कारण घ्यावे आणि जातीची उतरंड वगळावी, हा जुन्या सामग्रीच्या नव्या वापराचा एक मार्ग आहे.

कथेबाहेर या समजुतींनी प्रत्यक्ष हानीही केली आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली रुग्णांना मारहाण करणे, मानसिक आजारावरील उपचार टाळणे आणि स्त्रीला डाकीण किंवा चेटकीण ठरवून तिचा छळ करणे असे प्रकार महाराष्ट्रात घडले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने यांविरुद्ध दीर्घकाळ काम केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुणे येथे त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य शासनाने अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारहाण करणे, चटके देणे, उपाशी ठेवणे आदी कृत्ये या कायद्यानुसार गुन्हा ठरतात. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

हा कायदा भूतकथा सांगण्यावर, लिहिण्यावर किंवा वाचण्यावर बंधन घालत नाही. कथेतील हडळ आणि मांत्रिकाच्या हाती सापडलेली आजारी स्त्री यांतील भेद ओळखणे हा या विषयाच्या अभ्यासाचा आवश्यक भाग आहे. पहिली कल्पना आहे आणि तिच्यावाटे एका जुन्या दुःखाची आठवण राहते. दुसरी जिवंत व्यक्ती आहे आणि तिला उपचारांची गरज असते.

## हेही पाहा

- वेताळपंचविशी
- पितृपक्ष
- वीरगळ
- गूढकथा
- कोकणातील ग्रामदैवते
- महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती